घामाची पावती

सुख फुकट मिळाले की मध्यमवर्गीय माणूस बेचैन होतो. सुखाच्या आधी थोडा तरी त्रास झालाच पाहिजे, ही आपली पिढीजात श्रद्धा आहे. महाबळेश्वराहून आलेला माणूस सूर्यास्ताचे वर्णन कधीच एकदम सुरू करत नाही. आधी घाटात गाडी कशी लागली, खोली मिळायला किती वणवण झाली आणि मुलीला ताप कसा भरला, हे सगळे ऐकावे लागते. मग सूर्य बुडतो. त्याचा त्रास ऐकून झाल्याशिवाय आपल्यालाही तो सूर्यास्त खरा वाटत नाही, हेही आहेच.

ही श्रद्धा फक्त आपली, असा माझा समज होता. पण फ्रान्समध्ये आल्प्सच्या कुशीत आन्सी नावाचे एक तळ्याकाठचे शहर आहे. तिथल्या लोकांनी या श्रद्धेला चक्क डांबरी रस्ते करून दिले आहेत.

तळे समुद्रसपाटीपासून सुमारे ४४७ मीटर उंचीवर. त्याच्याभोवती सायकलने एक फेरी मारली की साधारण ४० किलोमीटर होतात. पश्चिम काठाने पूर्वी आल्बेर्व्हीलकडे जाणारी रेल्वे होती. ती गेली आणि तिच्या जागी सायकलींचा रस्ता आला. द्वँ गावापाशी तर जुन्या बोगद्यातून सायकली जातात. आगगाडीला चढ सोसत नाही, त्यामुळे हा रस्ता तळहातासारखा सपाट आहे. आजीबाई पुढच्या टोपलीत पाव घालून त्यावरून निघतात.

एवढे सुख असताना तिथल्या धडधाकट माणसांनी काय करावे? त्यांनी सपाट रस्ता सोडून डोंगर धरावा. कोणी तालुआरच्या मागची फोर्क्लाझची खिंड चढतो. तिची उंची ११५० मीटरच्या आसपास. बाकीचे सेम्नो चढतात. सेम्नो हा शहराच्या डोक्यावरचाच डोंगर, उंची १६९९ मीटर. (त्याच्या नावात शेवटी आणखी एक अक्षर लिहितात, पण उच्चारत नाहीत. फ्रेंच माणूस फक्त अक्षरांच्या बाबतीत आळशी आहे.) वर जायला तीन रस्ते. २०१३ च्या तूर द फ्रान्सची विसावी फेरी आन्सीहून निघून याच डोंगरावर संपली. तेव्हा कँताल गावाकडून चढले होते आणि ती फेरी कोलंबियाच्या नैरो किंतानाने जिंकली. तेव्हापासून प्रत्येक हौशी सायकलवाल्याला तिथे दर वळणावर आपल्यामागे किंताना येतोय असे वाटते.

माझा भाचा तिकडे नोकरीला आहे. तो सेम्नो सायकलने चढला आणि मी मोटारीने. मी पोचलो, हॉट चॉकलेट मागवले, समोर मॉं ब्लांचे पांढरे डोके पाहिले, आणखी एक हॉट चॉकलेट मागवले, तेव्हा कुठे चिरंजीव लाल टोमॅटोसारखा चेहरा घेऊन उगवले. पाच मिनिटे नुसतेच धापा टाकत होते. मग पहिले वाक्य आले, "मामा, खरं सांगू? गाडीतून येणाऱ्यांना हा देखावा अर्धाच दिसतो."

"म्हणजे? डोंगराचा कुठला अर्धा?"

"तसं नाही हो. आम्ही तो कमावलेला असतो."

हा 'कमावलेला' शब्द माझ्या डोक्यात बसला तो बसलाच. कष्ट करून पाहिलेला डोंगर जास्त आपला होतो का? आणि होत असेल, तर कष्ट न केलेल्याचा तो कमी होतो का? प्रश्न दिसतो सायकलचा, पण आपली निम्मी नीती त्यावर उभी आहे.

आधी हिशेब करू. माणूस आणि सायकल मिळून ८० किलो धरा आणि चढ १२०० मीटरचा. एवढे वजन एवढे वर न्यायचे काम सुमारे सव्वादोनशे कॅलरींचे. पण शरीर चार भाग जाळते तेव्हा एक भाग चाकापर्यंत जातो. म्हणजे खर्च साधारण नऊशे कॅलरींचा. तूप सढळ असेल तर तीन पुरणपोळ्या! आणि एवढे कमावून होते काय? उतारावर ती सगळी मिळकत ब्रेक गरम करण्यात आणि वाऱ्याशी भांडण्यात उडते. तळ्याकाठी माणूस परत येतो तो जिथून निघाला तिथेच, फक्त भूक वाढवून. इतका तोट्याचा व्यवहार एखाद्या मारवाडी पेढीत सांगितलात तर ते तुम्हाला पाणी पाजून बाहेर काढतील.

बरे, कष्ट खरे कुठले आणि भेसळीचे कुठले, हे ठरवणार कोण? १९०३ साली तूर द फ्रान्स सुरू करणारा आंरी देग्रांज गिअरच्या विरुद्ध होता. गिअर हे पंचेचाळिशी उलटलेल्यांसाठी, जवान माणसाने मांड्यांच्या बळावर चढावे, असे त्याचे मत. शर्यतीत गिअर बदलण्याच्या यंत्राला परवानगी मिळाली ती १९३७ साली, त्याने सूत्रे सोडल्यावर. आज माझ्या भाच्याच्या सायकलला बावीस गिअर आहेत आणि तो विजेच्या सायकलवाल्यांना नाके मुरडतो! वास्तविक युरोपातल्या कायद्याप्रमाणे त्या सायकलची मोटर २५० वॅटची. पायडल मारले तरच ती मदत करते आणि ताशी २५ किलोमीटरला गप्प बसते. पण भाच्याच्या मते ती फसवणूक. देग्रांजच्या मते भाचा फसवणूक. आणि देग्रांज स्वतः सायकलवर बसत होता म्हणून पायी चालणाऱ्या वारकऱ्याच्या मते देग्रांजही फसवणूकच. प्रत्येकाला आपल्यापर्यंतची सोय म्हणजे प्रगती वाटते आणि आपल्या पुढची सोय म्हणजे ऱ्हास.

शिवाय कमावले म्हणताना आपण एकट्याने किती कमावले, हेही पाहावे. डोंगरात रस्ता कोणी खोदला? बोगदा कोणी पाडला? इतकेच काय, भाचा ज्याच्या निळाईवर लट्टू आहे ते तळेसुद्धा आपोआप निळे राहिलेले नाही. शहराचे सांडपाणी त्यात जाऊन ते नासायला लागले होते. एका डॉक्टरने कंठशोष केला, मग काठच्या गावांनी १९५७ साली एकत्र येऊन तळ्याभोवती सांडपाण्याचे नळ घातले आणि घाण तळ्याबाहेर नेली. वर्षानुवर्षे गटारे खोदणाऱ्या त्या माणसांनीही घाम गाळलाच ना? त्यांचे नाव घेऊन कोणी धापा टाकत नाही.

आणि घामाघामातही फरक असतो. रविवारी हौसेने चढणारा आणि पोटासाठी चढणारा यांचा घाम चवीला सारखाच खारट. पण पाठीवर दुधाचे कॅन बांधून घाट चढणाऱ्या गवळ्याला मी कधी 'हा देखावा मी कमावला' असे म्हणताना ऐकलेले नाही. किंतानाही लहानपणी डोंगरातल्या घरातून सायकलनेच शाळेत जात असे. त्या चढावर काही कोणी टाळ्या वाजवायला उभे नव्हते. कष्ट निवडता येणे हीच मुळात चैन आहे. ज्याला ते निवडावे लागत नाहीत, येऊन चिकटतात, तो त्यांचा अभिमान धरत बसत नाही. संधी मिळताच तो स्कूटर घेतो.

म्हणून कष्ट वाया जातात असे मी म्हणत नाही. चढणाऱ्याला वाटेतली झाडे दिसतात, बीच संपून सूचिपर्णी झाडे कुठे सुरू होतात ते कळते, पाण्याच्या घोटाची किंमत कळते. हे सगळे मोटारीत बसून मिळत नाही, हे मी दुसऱ्या हॉट चॉकलेटची शपथ घेऊन मान्य करतो. पण ही कष्टांची मजुरी झाली, ती तिथेच रोख मिळते. तिच्यावर वर जाऊन आणखी हक्क सांगायचा, बाकावर बसलेल्याकडे तुच्छतेने पाहायचे, म्हणजे एकाच बिलाचे पैसे दोनदा मागणे. सेंत-एतियेनच्या पॉल द व्हिव्हीने गिअरचा पुरस्कार केला आणि सायकलस्वारांना काही नियम घालून दिले. भूक लागायच्या आधी खा, तहान लागायच्या आधी प्या, हे त्यातलेच. अहंकारापोटी पायडल मारू नका, असाही एक नियम होता. गीतेवर भाष्ये लिहून झाली तरी याहून फार वेगळे काय सांगणार?

हा नियम डोंगरापेक्षा घरात जास्त लागू आहे. आपण कंदिलाखाली अभ्यास केला, तीन मैल चालत शाळेत गेलो, एका जोडी चपलांवर मॅट्रिक झालो. हे सगळे खरे आणि त्याची पावती आपल्याजवळ आहेही. फक्त ती पावती मुलांच्या तोंडावर फडकवून त्यांच्याकडून वसुली करता येत नाही. कारण आपण चालत गेलो आणि नातू रिक्षाने गेला, तरी शाळा दोघांना पाढा शिकवते तो एकच. आणि सतरा साते एकशे एकोणीस हे कळले की जो आनंद होतो, त्याला रिक्षाचे भाडे विचारता येत नाही.