वर्ज्य मध्यम

आप्पांची पेटी सुटली ती डाव्या हातामुळे. भजनी मंडळात त्यांनी चाळीसेक वर्षं साथ केली. पुढे कंपवात सुरू झाला आणि भात्यावरचा हात ठरेना. भाता हलला की सूरही हलतो. उजवा हात त्या मानाने बरा होता, म्हणून मी माळ्यावरून माझा कॉलेजच्या काळातला सिंथेसायझर काढला, पुसला आणि त्यांच्यापुढे ठेवला. त्याला भाता नाही. रीड ऑर्गनचा आवाज लावून दिला आणि आप्पा काळी एकमध्ये भूप वाजवू लागले.

दोन दिवसांत कळलं की उजवा हातही तितकासा बरा नाही. बोट एका पट्टीवर टेकलं की ती दोन-तीनदा वाजे. शेजारच्या पट्टीलाही धक्का लागे. आप्पा काही बोलत नसत, पण अर्ध्या तासाचं वाजवणं दहा मिनिटांवर आलं. मी हौसेने प्रोग्रॅमिंग करणारा माणूस. माझ्या मनात आलं, हे तर आपल्याला दुरुस्त करता येईल.

सिंथेसायझरच्या पाठीमागे पाच पिनांची गोल सॉकेटं असतात. तिथून जे बाहेर पडतं त्याला मिडी म्हणतात. जानेवारी १९८३मध्ये अमेरिकेतल्या एका व्यापारी प्रदर्शनात सिक्वेन्शियल सर्किट्सचा प्रॉफेट-६०० आणि रोलँडचा ज्युपिटर-६ हे दोन प्रतिस्पर्धी कंपन्यांचे सिंथेसायझर एका केबलने जोडले गेले. एकावर वाजवलं की दुसरा वाजू लागला. या भाषेमागे डेव्ह स्मिथ आणि इकुतारो काकेहाशी ही दोन माणसं प्रामुख्याने होती. तिची गंमत अशी, की केबलमधून आवाज जातच नाही. जातात ते आकडे: कोणती पट्टी दाबली, किती वेगाने दाबली, कधी सोडली. काळी एक म्हणजे ६१. वेग १ ते १२७. सेकंदाला ३१,२५० बिट, म्हणजे एका सुराचा निरोप साधारण एका मिलिसेकंदात पोचतो.

वाद्यात आणखी एक सोय असते: लोकल कंट्रोल. ते बंद केलं की पट्ट्यांचा आणि आवाजाचा आतला संबंध तुटतो. पट्टी दाबली तरी वाद्य गप्प राहतं. निरोप केबलने कॉम्प्युटरकडे जातो आणि कॉम्प्युटरने परत पाठवला तरच सूर उमटतो. वाजवणाऱ्याला हे कळत नाही, कारण सगळं डोळ्याची पापणी लवायच्या आत होतं. पण त्याचं बोट आणि त्याचा सूर यांच्यामध्ये आता एक जागा तयार झालेली असते. त्या जागेत मी जाऊन बसलो.

पहिला प्रोग्रॅम साधा होता. पाव सेकंदाच्या आत तीच पट्टी पुन्हा दाबली गेली तर दुसरी वेळ गाळायची, आणि मधला पट्टी सुटल्याचा निरोपही रोखून धरायचा, म्हणजे सूर तुटत नाही. फारच हलका स्पर्श झाला तर तोही गाळायचा. आप्पांनी विचारलं, “हा कॉम्प्युटर कशाला जोडलायस?” मी म्हटलं, “रेकॉर्ड करायला.” ते खोटं नव्हतं. पुरतं खरंही नव्हतं.

पुष्कळ फरक पडला, पण थरथरत्या बोटाचा धक्का कधी कधी जोराचाच असे. काळी एकमध्ये भूपाचा गंधार येतो पांढरी चारवर. बोट जरा उजवीकडे सरकलं की काळी तीन दाबली जाते आणि शुद्ध मध्यम वाजतो. भूपात मध्यम वर्ज्य. तेव्हा मी रागांची यादी केली. भूप निवडला की सा, रे, ग, प, ध एवढेच सूर परत पाठवायचे. बाकीचे आले तर वाद्याने गप्प बसायचं.

त्या संध्याकाळी आप्पा पाऊण तास वाजवत होते. उठताना म्हणाले, “नवीन गोळी लागू पडलेली दिसते.”

मी काही बोललो नाही. पुढच्या तपासणीला त्यांनी डॉक्टरांनाही तेच सांगितलं: पेटीवर बसलं की हात आता स्थिर राहतो. डॉक्टरांनी ते टिपून घेतलं. मी शेजारच्या खुर्चीत बसलो होतो. घरी आल्यावर डॉक्टरांना वेगळा फोन करून खरा प्रकार सांगितला. म्हणजे आता एक आप्पा सोडले तर सगळ्यांना खरं माहीत होतं.

तेव्हा मी स्वतःची समजूत घालायला एक युक्तिवाद तयार केला होता, आणि तो अगदीच टाकाऊ नाही. प्रत्येक वाद्य काही ना काही गाळतंच. पेटीचंच घ्या. तिला मींड नाही, श्रुती नाहीत, सप्तकाचे बारा सूर ठोकून बसवलेले. याच कारणांसाठी आकाशवाणीने १९४० साली पेटीवर बंदी घातली आणि ती सैल व्हायला १९७१ उजाडलं. तरी आपल्याकडे पेटीवाल्यांची परंपरा उभी राहिलीच. मग पेटीने बारा सूर ठेवले आणि माझ्या प्रोग्रॅमने पाच, यात फरक फक्त संख्येचा नाही का?

या युक्तिवादातली खोट मला विचार करून सापडली नाही. ती एका अभंगात सापडली.

आप्पा भूपातला अभंग वाजवत होते आणि अंतऱ्याला अडखळले. परत मागून आले, परत तिथेच थांबले. तिसऱ्यांदा काळी तीन जोरात दाबली. “ही पट्टी मेली का रे?”

“धूळ बसली असेल,” मी म्हणालो. इतक्या सहज म्हणालो की माझं मलाच नवल वाटलं.

त्यांनी पांढरी तीन दाबली. गप्प. पांढरी दोन, गप्प. मग एका टोकापासून एकेक पट्टी दाबत गेले. भूपाच्या तेवढ्या बोलल्या. आप्पांनी हात मांडीवर घेतले. “काय केलंयस तू?”

मी सगळं सांगितलं. ऐकून झाल्यावर ते एवढंच म्हणाले, “तो मध्यम आमच्या बुवांची जागा आहे. भूपात घ्यायचा नाही हे बुवांनाही ठाऊक होतं.” आणि उठून गेले.

चार दिवस त्यांनी वाद्याला हात लावला नाही. त्या चार दिवसांत मी फाईल उघडून बसलो. गाळण्याआधीचे सगळे आकडे प्रोग्रॅम लिहून ठेवत होता. गेल्या तीन आठवड्यांतल्या मध्यमांपैकी बहुतेकांचा वेग १५-२०च्या घरात होता आणि ते क्षणभरच टिकले होते. काही जोराचे धक्केही होते. पण दर वेळी त्या एका अंतऱ्याला मध्यम ८०च्या वर वेगाने आलेला आणि पूर्ण मात्राभर धरलेला. म्हणजे तीन आठवडे आप्पा ती जागा घेत होते. आपलंच बोट चुकलं असेल असं समजून पुढे जात होते. माझ्याकडे पुरावा होता, मी तो पाहिला नव्हता. मध्यम म्हणजे चूक, हे मी आधीच ठरवून टाकलं होतं.

पेटीची आणि माझ्या प्रोग्रॅमची तुलना इथे फसते. पेटीला मींड नाही हे पेटीवाल्याला माहीत असतं. तो ते जाणून बसतो, तिच्या मर्यादेभोवती आपली बोटं घडवतो. तिच्यावर सूर चुकला तर तो त्याचा असतो, म्हणून साधला तरी त्याचाच असतो. माझ्या गाळणीबद्दल आप्पांना माहीत नव्हतं, त्यामुळे त्यांचा साधलेला सूरही निम्मा माझा झाला होता. शिवाय चूक आणि मुद्दाम घेतलेली जागा या दोन्ही एकाच पट्टीतून येतात. ती पट्टी मुकी केली की चुकण्याची वाट बंद होते आणि सांगण्यासारखं काही सांगायचीही. वेगाच्या आकड्यावरून यातला पुष्कळ भाग ओळखता येतो, सगळा येत नाही. उरलेला फक्त वाजवणाऱ्याला विचारून कळतो, आणि विचारायचं नाही हीच तर माझी योजना होती.

तरीही मदत करूच नये असं मला वाटत नाही. पाचव्या दिवशी ही रेघ आप्पांनीच ओढली. “एकच पट्टी दोनदा वाजते ते काढलंस त्याचं मला काही नाही. चष्मा लावतोच ना मी? पण चष्मा मला दाखवतो. माझ्या बदली वाचत नाही.” मग जरा थांबून म्हणाले, “डॉक्टरांशी मी खोटं बोललो की रे.” डॉक्टरांना मी आधीच कळवलं होतं, हे सांगितल्यावर त्यांना बरं वाटेल असं मला वाटलं होतं. ते आणखीच गप्प झाले.

आता व्यवस्था अशी आहे. सिंथेसायझरला पायाने दाबायचं एक पेडल असतं, पियानोचा सूर लांबवण्यासाठी. पेटीच्या आवाजाला त्याचा उपयोग नव्हता. त्याचा निरोपही आकड्यातच येतो: ६४ किंवा जास्त म्हणजे दाबलेलं, त्याखाली सोडलेलं. मी प्रोग्रॅम बदलला. पाय दाबलेला असेल तरच रागाबाहेरचे सूर गाळायचे, पाय उचलला की सगळ्या पट्ट्या मोकळ्या. बुवांची जागा आली की आप्पा पाय उचलतात. कधी मध्यमाबरोबर पंचमालाही धक्का लागतो आणि दोन्ही एकदम वाजतात. ऐकायला ते बरं नसतं. कधी सबंध संध्याकाळ पाय वरच असतो. त्या दिवशी चुका पुष्कळ होतात आणि मी आतल्या खोलीत बसून राहतो.

वाजवून झालं की ते विचारतात, “आज किती गाळलेस?” मी फाईल बघून आकडा सांगतो. परवा एकेचाळीस होते, आदल्या आठवड्यापेक्षा जास्त. आप्पांनी चष्मा लावला, औषधांची फाईल मागितली आणि तारखेपुढे थरथरत्या अक्षरात तो आकडा लिहिला. पुढच्या तपासणीला ते तो स्वतःच डॉक्टरांना सांगणार आहेत.