समुद्रतटाची वहिवाट

समुद्राच्या काठाला कोणी मालक असू शकतो काय, आणि नसेल, तर त्या काठावर गोदी, गुदाम, रस्ता नि वस्ती उभारणाऱ्या माणसाचे त्याच्याशी नाते कोणत्या प्रकारचे समजावे, हा प्रश्न वरकरणी नगररचनाकाराचा किंवा महसूल खात्याचा वाटला, तरी थोडे खोल गेले असता तो धर्मविचाराच्याच प्रांतातला आहे असे दिसून येते. पिरनवाडीसारख्या घाटमाथ्यावरच्या गावी, जेथे भरती-ओहोटी केवळ पंचांगात भेटते, तेथे बसून कोणी बंदराची चिंता करावी याचे वाचकास नवल वाटेल. परंतु आमच्या गावावरून जाणारी बेळगाव-खानापूरची सडक पुढे अनमोडच्या घाटाने गोव्यात उतरते. ज्या खानापूर तालुक्यात कणकुंबीला मलप्रभा उगम पावून पूर्वेकडे कृष्णेच्या भेटीस निघते, त्याच तालुक्याच्या रानातून निघालेली म्हादई मांडवी होऊन पणजीच्या धक्क्याला भिडते. आणि एकोणिसाव्या शतकात बेळगावच्या छावणीचा नि पेठेचा माल ज्या वेंगुर्ल्याच्या बंदरातून ये-जा करीत असे, ते बंदर १८८८ च्या सुमारास मुरगावपर्यंतची आगगाडी सुरू होताच कसे ओसरत गेले, हेही या मुलखाच्या इतिहासात नोंदलेले आहे. बंदर येते आणि जाते, त्याच्या कामाची मुदत ठरलेली असते; तट मात्र मागे राहतो, आणि त्या रिकाम्या झालेल्या तटाचे काय करावयाचे, येथेच खरा पेच सुरू होतो.

कोकणच्या उत्पत्तीची जी कथा सर्वश्रुत आहे, तिचा या दृष्टीने कोणी फारसा विचार केलेला नाही. परशुरामाने समुद्र हटवून भूमी मिळवली एवढेच आपण मुलांना सांगतो. पण ती मिळवण्याची वेळ त्याच्यावर का आली, हा कथेचा पूर्वार्ध सांगण्याचे राहून जाते. जिंकलेली सगळी पृथ्वी त्याने कश्यपाला दान केली होती, आणि दिलेल्या दानावर दात्याने वस्ती करणे हे शास्त्राला नि शिष्टाचारालाही सोडून असल्यामुळे, स्वतःची म्हणता येईल अशा एका पावलाच्याही जागेसाठी त्याला समुद्रापुढे उभे राहावे लागले. म्हणजे आपल्या परंपरेतला पहिला भराव हा सर्वस्व देऊन टाकलेल्या माणसाने केलेला भराव आहे. जो सर्व काही ठेवून घेऊन वर समुद्राकडेही हात पसरतो, अशा माणसाला या कथेचा आधार घेता येणार नाही. आणि तरीही कोकणपट्टीवरच्या प्रत्येक भरावाच्या उद्घाटनाला परशुरामाचे नाव घेण्याची हौस आपल्याला सुटत नाही.

मुंबईचा पूर्व किनारा हे या पेचाचे सर्वांत मोठे उदाहरण होय. तेथील काठ भरून त्यावर आपली सत्ता बसवू पाहणारी एल्फिन्स्टन लँड अँड प्रेस कंपनी बंदराची मक्तेदार होऊन बसेल, या भीतीने सरकारने १८७० साली तिचे हक्क विकत घेतले, आणि तीनच वर्षांनी, १८७३ साली, मुंबई पोर्ट ट्रस्टची स्थापना होऊन काठ विश्वस्तांच्या स्वाधीन झाला. १८८० मध्ये प्रिन्सेस डॉक, १८८८ मध्ये व्हिक्टोरिया डॉक आणि १९१४ मध्ये अलेक्झांड्रा डॉक, ज्याला आज इंदिरा डॉक म्हणतात, अशा गोद्या एकामागून एक खोदल्या गेल्या; अलेक्झांड्रा डॉकच्या खोदाईतून निघालेल्या मातीवर बॅलार्ड इस्टेट उभी राहिली; १४ एप्रिल १९४४ रोजी फोर्ट स्टिकीन या जहाजावरील स्फोटाने याच गोद्यांचा परिसर होरपळून निघाला. पुढे १९८९ साली न्हावा-शेवा येथे जवाहरलाल नेहरू बंदर सुरू झाले, कंटेनरचा व्यापार खाडीपार गेला, आणि माणसाने इतक्या कष्टाने खोदलेल्या प्रिन्सेस व व्हिक्टोरिया या दोन्ही गोद्या या शतकात, कंटेनरच्याच एका नव्या योजनेसाठी, पुन्हा माती टाकून बुजवण्यात आल्या. जमीन खोदून पाणी आत घ्यावे आणि शतक-सव्वाशतकाने तेच पाणी हटवून जमीन करावी, या उलटसुलट उद्योगाकडे तटस्थपणे पाहणाऱ्याला त्यात विनोद दिसेल, पण हिशेबनिसाला तो दोन्ही वेळा प्रगतीच्याच रकान्यात मांडावा लागला असेल.

आता मुंबई बंदर चालवणाऱ्या त्या संस्थेच्या ताब्यात सुमारे १,८०० एकर जमीन आणि सुमारे २८ किलोमीटरचा किनारा आहे. त्या जमिनीच्या विनियोगासाठी २०१४ मध्ये राणी जाधव समिती नेमली गेली, २०१८ मध्ये पोर्ट ट्रस्टलाच विशेष नियोजन प्राधिकरणाचे अधिकार मिळाले, आणि उद्याने, विहारपथ, क्रूझचे धक्के, कचेऱ्या व निवास यांचे आराखडे निघाले. या आराखड्यांत ‘शाश्वत’ हे विशेषण मुबलक आढळते. मात्र शाश्वत काय राहावयाचे, काठ की काठापासून मिळणारे उत्पन्न, याचा खुलासा आराखड्यात शोधू जाता तो क्वचितच हाती लागतो.

या ठिकाणी आमच्या मुलखाला ठाऊक असलेली एक जुनी व्यवस्था विचारात घेण्याजोगी आहे. देवस्थान इनामाची जमीन ज्याने जवळून पाहिली आहे, त्याला मालकीवाचूनची वहिवाट म्हणजे काय हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही. जमीन देवाची, पुजारी, गुरव किंवा वहिवाटदार ती कसतो, तिचे उत्पन्न खातो, पिढ्यान्‌पिढ्या तिच्या बांधावर वावरतो, परंतु ती विकण्याचा अधिकार त्याला नाही, आणि त्याच्या उपभोगाला नंदादीप, पूजा, उत्सव, वाटसरूंची सोय अशी कोणती ना कोणती सेवा जखडलेली असते. १८५२ च्या अकराव्या कायद्याने अधिकार मिळालेले इनाम कमिशन जेव्हा दक्षिण महाराष्ट्रात, म्हणजे आमच्याच बेळगाव-धारवाडच्या भागात, दफ्तरे उघडून सनदा मागू लागले, तेव्हा त्याची दांडगाई लोकांना जाचली यात नवल नाही. पण ते जो प्रश्न विचारीत होते, तो प्रश्न म्हणून चुकीचा नव्हता. ही जमीन तुला कशासाठी मिळाली, आणि ज्यासाठी मिळाली ते तू अद्याप करतोस काय? समुद्रतटाच्या प्रत्येक वहिवाटदाराला, मग तो सरकार असो की भांडवलदार, हाच प्रश्न विचारला जावा, असे मला वाटते.

कायद्याने हा विचार आपल्या पद्धतीने, आणि पुष्कळ फेरा घेऊन, गाठला आहे. सहाव्या शतकात जस्टिनियनच्या रोमन संहितेने हवा, वाहते पाणी, समुद्र आणि त्यायोगे समुद्राचे काठ ही सर्वांची सामाईक ठेव मानली. १८६९ साली अमेरिकेत इलिनॉय राज्याच्या विधिमंडळाने शिकागो बंदराच्या तळाची हजारांहून अधिक एकर जमीन एका रेल्वे कंपनीला देऊन टाकली, १८७३ मध्ये, मुंबईत पोर्ट ट्रस्ट स्थापन झाला त्याच वर्षी, ते दान मागे घेतले, आणि १८९२ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने असा निर्वाळा दिला की, राज्य हे अशा पाण्याखालच्या भूमीचे विश्वस्त असून विश्वस्तपणा झटकून टाकण्याची मुभा त्याला नाही. आपल्याकडे बियास नदीच्या पात्राशी खेळ करणाऱ्या एका मोटेलच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर १९९६ मध्ये हेच तत्त्व भारतीय कायद्याचा भाग म्हणून घोषित केले. न्यायाधीशांनी जेथे विश्वस्त म्हटले, तेथे आमचा गुरव वहिवाटदार म्हणाला असता, इतकेच.

यावर दोन आक्षेप संभवतात, आणि दोन्ही वजनदार आहेत. पहिला असा की, देवाच्या नावे असलेल्या जमिनीही वहिवाटदारांनी गिळंकृत केल्याची उदाहरणे गावोगाव सापडतात. पावित्र्याने जमीन सुरक्षित राहिली असती, तर देवस्थानांचे इतके खटले कोर्टांत तुंबले नसते. हे मला मान्य आहे. पण वहिवाटदार असा गिळंकृत करणारा कधी होतो याचे निरीक्षण केले, तर सेवा थांबल्यावर आणि ती थांबल्याची कोणी विचारपूस न केल्यावरच होतो असे आढळते. नव्याण्णव वर्षांचा पट्टा घेऊन काठावर बसलेला भाडेकरू तिसऱ्या पिढीत मालकाच्या तोऱ्याने वागू लागतो, तोही याच वाटेने. दुसरा आक्षेप अधिक बोचणारा आहे: ज्या शहरात लाखो माणसे दहा बाय दहाच्या खोलीत जन्म काढतात, तेथे एवढी जमीन पक्ष्यांसाठी नि पाण्यासाठी राखा म्हणणे ही घाटमाथ्यावरच्या माणसाची निर्दय चैन नव्हे काय? याचे उत्तर असे की, गरिबाचे घर ही सेवाच होय. देवस्थानांच्या जमिनीवर धर्मशाळा आणि अन्नछत्रे उभी राहिलीच होती. परंतु समुद्रदर्शनी मनोऱ्यांतले मजले कोणाला परवडतात हे सर्वांना ठाऊक असताना, त्या मनोऱ्यांचे समर्थन बेघरांच्या नावाने करणे यात मात्र आक्षेपकाची नव्हे, आराखडाकाराची लबाडी आहे.

मग शहराने किती जमीन घ्यावी, याची मर्यादा कोणी आखावयाची? बेळगावच्या किल्ल्यात, रट्ट राजा चौथा कार्तवीर्य याच्या काळी १२०४ साली बांधलेली कमल बस्ती हे जैन मंदिर आहे. जैन धर्माने गृहस्थाला संन्याशासारखे सर्वत्याग करण्यास सांगितले नाही; त्याने परिग्रहपरिमाणाचे व्रत सांगितले, म्हणजे मला इतकी जमीन, इतके धान्य, इतके धन पुरे, याची मर्यादा गृहस्थाने स्वतःच, कमाईच्या भरात असताना, आखून घ्यावयाची. शहर हाही एक गृहस्थच आहे. त्याच्याकडून निःसंगतेची अपेक्षा करणे वेडेपणाचे, पण स्वतः आखलेल्या मर्यादेची अपेक्षा करणे रास्त. १९९१ च्या अधिसूचनेने सरकारने समुद्राच्या भरतीरेषेपासून ५०० मीटरपर्यंतच्या पट्ट्यावर निर्बंध घातले, तेव्हा आपण नकळत असे व्रत घेतले होते. पुढे २०११ आणि २०१९ च्या अधिसूचनांनी ते टप्प्याटप्प्याने सैल केले, खाडीकाठचे अंतर तर ५० मीटरवर आले. नकाशावरची रेषा कोणाच्या सोयीने सरकते हे सीमाभागातल्या माणसाला कोणी शिकवावे लागत नाही, म्हणून या विषयावर अधिक न लिहिणेच बरे.

समुद्रावर ज्यांचे पोट आहे, त्यांच्या आचारात हे व्रत फार पूर्वीपासून रुजलेले आहे. नारळी पौर्णिमेचा नारळ आपण छायाचित्रात पाहतो तो सणाचा. त्यामागचे पावसाळ्यातले महिने, ज्या काळात मासळीचा विणीचा हंगाम असतो आणि होड्या वर ओढून ठेवलेल्या असतात, ते छायाचित्रात येत नाहीत. आज १ जून ते ३१ जुलै अशी ६१ दिवसांची मासेमारीबंदी कायद्याने लागू आहे. कोळ्याच्या धर्माने ती कायद्याच्या आधी पाळली. सुशोभित विहारपथावरून संध्याकाळी समुद्र पाहणारा नागरिक दर्शन घेतो, सेवा करीत नाही. आणि जेथे जाळे वाळवण्यास मनाई आहे अशा काठाला मी तरी देवळाच्या बंद गाभाऱ्याहून अधिक मान देऊ शकत नाही.

गोव्याच्या खाजन शेतीत हे सगळे तत्त्व, कोणी तत्त्व न म्हणता, शतकानुशतके चालू होते. भरतीच्या पाण्यातून मिळवलेली जमीन गांवकारीची, म्हणजे गावाच्या सामाईक ताब्यातली. बाहेरचा बांध आणि मानस, म्हणजे भरतीचे पाणी रोखणारी नि ओहोटीला सोडणारी लाकडी दारे, यांची देखभाल हा त्या जमिनीवरचा कायमचा कर. उत्तरेकडे जुन्या कुलाबा जिल्ह्याच्या खारपट्टीतही शिलोत्रदाराला शेतकऱ्यांकडून धान्याचा वाटा मिळे तो समुद्राकडचा बांध राखण्यापोटी. बांध फुटला की वाटा मागण्याला तोंड राहत नसे. समुद्रातून जमीन मिळवणे त्या लोकांना निषिद्ध नव्हते. मिळवल्यानंतर समुद्राशी असलेले कर्तव्य संपते, ही कल्पना मात्र त्यांना अपरिचित होती. डहाणूजवळ वाढवण येथे आज ज्या बंदरासाठी १,४४८ हेक्टर समुद्र भरावयाचा आहे, त्याच्या कागदपत्रांत या कर्तव्याचे कलम कोणते, हे विचारण्याचा हक्क तेथल्या मच्छीमारांना तर आहेच, आणि त्या बंदराच्या मालावर जगणार आहोत अशा आपणा सर्वांनाही आहे.

इनामाच्या व्यवहारात सेवा बंद पडलेली जमीन खालसा होत असे, म्हणजे ज्याने दिली त्याच्याकडे ती परत जाई. मुंबईच्या पूर्व काठावरची जहाजांची सेवा मोठ्या अंशी संपली आहे. मग त्या जमिनीचा मूळ दाता कोण? सनद तपासू गेल्यास दाता सरकार नव्हे, समुद्र आहे, आणि पाण्याची पातळी चढत असताना तो आपले इनाम खालसा करण्यास मुखत्यार आहे. शिवडीच्या चिखलात दरवर्षी उतरणारे रोहित पक्षी, भरतीचे पाणी पोटात घेणारी तिवरांची राने, लहान होड्यांना लागणारा उतार, फेरीबोटीने येणाऱ्या-जाणाऱ्या सामान्य माणसाचा धक्का, या त्या जमिनीवरच्या उरलेल्या सेवा होत. त्या जो चालवील, त्याच्या नावे वहिवाट चढवावी, आणि जो केवळ देखावा विकील, त्याच्या नावे ती चढवू नये.

देवाच्या वतीने कोर्टात बोलण्यासाठी कायद्याला ‘मित्र’ लागतो, तसा तटाच्या वतीने बोलणारा कोण, ही अडचण शिल्लक राहते. तिचे एक उत्तर मुंबईच्याच पश्चिम किनाऱ्यावर मिळाले आहे. सागरी किनारा मार्गाच्या बाबतीत वरळी कोळीवाड्याच्या मच्छीमार संस्था न्यायालयात गेल्या. उच्च न्यायालयाने जुलै २०१९ मध्ये त्या मार्गाची परवानगी रद्द केली, सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबरमध्ये त्या निकालाला स्थगिती दिली, आणि काम पुढे चालू राहिले. तरीही क्लीव्हलँड बंदरातून होड्या सुखरूप बाहेर पडाव्यात म्हणून कोळ्यांनी धरलेला आग्रह अखेर अभियंत्यांना मानावा लागला, आणि तेथील पुलाच्या दोन खांबांमधले अंतर ६० मीटरवरून १२० मीटर करण्यात आले. कोळ्यांनी मागितले होते त्याहून हे अंतर कमीच होते.