नदीचें पाणी केव्हां सोडावें?

पाऊस पडला नाहीं म्हणून शेत वाळलें तर मनुष्य आकाशाकडे पाहतो; पाटाचें पाणी वेळेवर आलें नाहीं म्हणून वाळलें तर तो पाटकऱ्याकडे पाहतो. नुकसान दोहोंकडे सारखेंच. परंतु पहिल्या वेळीं जाब विचारावा असा कोणी मनुष्य नसतो, दुसऱ्या वेळीं असतो. नदीवर धरण बांधलें कीं तिच्या चढउताराला जबाबदार असा कोणीतरी मनुष्य त्याच घटकेस उत्पन्न होतो. हें स्पष्ट व्हावें म्हणून आम्ही वाचकांपुढें एका दूरच्या नदीचा, व तिच्यांतील एका माशाविषयीं चाललेल्या वादाचा, वृत्तांत मांडीत आहों. गळ टाकून मासे धरणाऱ्यांची तक्रार ती काय, असें कित्येकांस वाटेल. तरी शेवटपर्यंत वाचावें, इतकीच आमची विनंती आहे.

ही नदी अमेरिकेंतील कोलोराडो होय. नांव स्पॅनिश असून त्याचा अर्थ तांबडी असा आहे. आणि पूर्वीं ती खरोखरच गाळानें तांबडी वाहत असे. वसंत ऋतूंत पर्वतावरील बर्फ वितळलें कीं तिला मोठा पूर येई. उन्हाळ्यांत तिचें पाणी कोमट होई आणि हिवाळ्यांत गोठण्याच्या बेतास येई. अशा दांडग्या नदींत राहण्याजोगे मासे तिच्यांत होते. त्यांपैकीं एकाच्या पाठीवर डोक्यामागें मोठें कुबड असतें. त्यास आपण कुबडा चब म्हणूं. हा मासा जगांत दुसऱ्या कोणत्याही नदीखोऱ्यांत नाहीं.

ॲरिझोना संस्थानांत ह्या नदीवर ग्लेन कॅन्यन नांवाचें धरण बांधण्याचें काम १९५६ सालीं सुरू झालें. भिंत पायाच्या खडकापासून ७१० फूट उंच आहे. ता. १३ मार्च १९६३ रोजीं दारें बंद करून पाणी अडविलें, आणि मागचा पॉवेल जलाशय पहिल्यानें पूर्ण भरण्यास १९८० साल उजाडलें. विजेच्या चक्रांकडे जाणाऱ्या नळांचीं तोंडें भरलेल्या जलाशयाच्या पृष्ठापासून सुमारें २३० फूट खोल आहेत. इतक्या खोलीवर ऊन पोंचत नाहीं. म्हणून धरणाखालीं जें पाणी बाहेर पडूं लागलें तें बारा महिने थंड व कांचेसारखें स्वच्छ. गाळ मागें राहिला. तांबडी नदी धरणाच्या पायथ्याशीं हिरवी झाली.

थंड व स्वच्छ पाणी म्हणजे ट्राउट माशाचें घर. हा मासा महाराष्ट्रांतील नद्यांत नाहीं. काश्मीर व नीलगिरी येथील थंड ओढ्यांत इंग्रजी अमदानींत तो बाहेरून आणून सोडण्यांत आला. त्याच रीतीनें १९६४ पासून ग्लेन कॅन्यनच्या खालीं अंगावर गुलाबी पट्टा असलेला ट्राउट सोडूं लागले, आणि धरणापासून लीज फेरी ह्या उतारापर्यंतचा सुमारें पंधरा मैलांचा प्रवाह ट्राउटाकरितां प्रसिद्धीस आला. दुरून लोक येतात. पिसें व दोरा यांची खोटी माशी गळास बांधून ती पाण्यावर अशी टाकावयाची कीं माशास ती खरी वाटावी. पुष्कळ जण धरलेला मासा परत सोडूनही देतात. ज्याच्या चुलीवर मासा शिजावयाचा आहे त्यास ह्याचें हंसू येईल. तरी काठावरील नावाडी, वाटाडे व खाणावळवाले यांचें पोट ह्याच खेळावर चालतें.

आतां वादाकडे वळूं. वर्षांत किती पाणी खालीं सोडावयाचें हें बहुतांशीं जुन्या करारांवरून ठरतें. १९२२ सालीं सात संस्थानांनीं नदी वाटून घेतली: वरच्या खोऱ्यास ७५ लक्ष एकर-फूट व खालच्या खोऱ्यास तितकेंच. एक एकर जमिनीवर एक फूट पाणी उभें राहील तर तें एक एकर-फूट. १९४४ च्या तहानें मेक्सिकोस १५ लक्ष देऊं केलें. ही वांटणी जीं वर्षें पाहून केली तीं सुकाळाचीं होतीं, म्हणून नदींत नाहीं तितकें पाणी कागदावर वाटलें गेलें. आणि जे मूळचे रहिवासी शेंकडों वर्षें त्या नदीकाठीं राहत होते त्यांस वांटणीच्या वेळीं कोणीं बोलाविलेंही नाहीं. तो वाद मोठा आहे व आजही मिटलेला नाहीं. परंतु आमचा प्रश्न त्याहून लहान आहे: वर्षाचें पाणी ठरलें तरी तें दिवसाच्या कोणत्या घटकेस किती सोडावें?

विजेस मागणी असेल तेव्हां, असें धरण चालविणारांचें पहिलें उत्तर होतें. लोक संध्याकाळीं घरीं येऊन दिवे लावितात, उन्हाळ्यांत घर थंड करण्याचीं यंत्रें चालवितात; तेव्हां पाणी जोरानें सोडावें, रात्रीं आवरावें. सेकंदास तीन हजार घनफुटांहून कमी वाहणारी नदी त्याच दिवशीं तीस हजारांवर जाऊं शके, आणि कित्येक जागीं पाण्याची पातळी एका दिवसांत दहा फुटांहूनही अधिक हाले. समुद्राकांठीं राहणारांस भरतीओहोटी ठाऊक आहे. परंतु समुद्राची भरती चंद्राच्या नेमानें येते आणि ही शहरांतल्या विजेच्या मागणीनें येई. ट्राउटानें उथळ वाळूखड्यांत अंडीं घालावीं व रात्रीं पाणी उतरून तीं उघडीं पडावीं, असें होऊं लागलें. वाळूचे काठ ढांसळले. गळवाल्यांनीं, नाव हांकणारांनीं व दरीची काळजी वाहणारांनीं गाऱ्हाणीं केलीं. १९९१ मध्यें कांहीं मर्यादा घातल्या गेल्या, १९९२ मध्यें त्याविषयीं कायदा झाला, आणि १९९६ च्या निर्णयानें साधारणतः रात्रीं ५,००० व दिवसां ८,००० घनफुटांहून कमी आणि २५,००० हून अधिक पाणी सोडूं नये, तसेंच एका तासांत १,५०० हून अधिक उतार करूं नये, असें ठरलें.

विजेच्या बाजूचें म्हणणें हलकें नाहीं, हेंही सांगितलें पाहिजे. ही वीज लहान गांवांस, शेतकऱ्यांच्या सहकारी संस्थांस व मूळच्या जमातींसही जाते. आणि ती कमी पडली तर कोळसा किंवा वायू जाळून दुसरी करावी लागते. गरीब घराचा दिवा आणि हौशी मनुष्याचा गळ अशी तुलना केली तर गळवाल्याची बाजू लंगडी पडते. पण तुलना एवढीच नव्हती, हें पुढें एका अगदीं क्षुद्र प्राण्यामुळें कळून आलें.

नदींत माशांस खावयास किडे असावे लागतात. ह्या नदींत कित्येक जातींचे किडे जवळजवळ नाहींतच, असें शोधकांस दिसून आलें. त्यांनीं युक्ति अशी केली कीं दरींतून नावांनीं जाणाऱ्या वाटाड्यांस व प्रवाशांस एक दिवा व एक डबा दिला; अंधार पडतांच तासभर दिवा लावून ठेवावा आणि डब्यांत पडलेले किडे जपून आणावे. असे अडीच हजारांहून अधिक डबे जमले व १९१६ च्या शंभर वर्षांनंतर, म्हणजे २०१६ सालीं, त्यांचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. पाण्यांतील पुष्कळ किडे पाण्याच्या अगदीं कडेला, दगडाला चिकटवून अंडीं घालतात, आणि तीं बहुधा संध्याकाळीं. त्या वेळीं पाणी चढलेलें असलें तर अंडीं वरच्या कडेला लागतात, कांहीं तासांनीं पाणी उतरतें, ऊन चढतें, अंडीं वाळून जातात. धरणांतून सुटलेली लाट खालीं पोंचण्यास वेळ लागतो, म्हणून दरींत कोठें संध्याकाळीं चढ असतो तर कोठें उतार. आणि जेथें संध्याकाळीं उतार तेथें किडे अधिक, असें डब्यांवरून दिसलें. किड्यानें काय चुकविलें होतें? त्यानें आपल्या पूर्वजांच्या रीतीप्रमाणें पाण्याच्या कडेवर भरंवसा ठेविला. कड हालविणारा हात दुसऱ्याचा होता, आणि त्या हातास किड्याची वार्ताही नव्हती.

आमच्या मतें सर्व प्रकरणांतील विचार करण्यासारखी गोष्ट ही आहे. धरणावरील मनुष्य निर्दय नव्हता. तो आपल्या नेमून दिलेल्या कामांत चोख होता. अपाय दुष्टपणांतून न होतां, ज्यांची गणतीच कोणीं केली नाहीं त्यांच्यावर नकळत जाऊन पडावा, असें जगांत फार होतें. नकळत झालें तोंवर बोल लावणें कठीण. परंतु डबे मोजून झाल्यावर तें नकळत राहिलें नाहीं. तेथून पुढें पाणी त्याच रीतीनें सोडणें हें जाणूनबुजून केलेलें कृत्य झालें.

सुदैवानें उपाय फारसा महाग नव्हता. २०१८ च्या मे महिन्यापासून ऑगस्टपर्यंत दर शनिवारीं व रविवारीं पाणी कमी परंतु एकसारखें ठेविलें. त्या दिवशीं विजेची मागणी मुळांतच थोडी असते. त्या दोन दिवसांत खालच्या कडेला घातलेलीं अंडीं इतर दिवशीं पाण्याखालींच राहतात. पुढें आणखी कांहीं उन्हाळ्यांत हा प्रयोग केला. विसाव्याचा दिवस मनुष्यास व त्याच्या बैलास नेमून दिलेला आम्हांस ठाऊक होता; नदीस दिलेला आम्हीं प्रथमच ऐकिला.

येथवर गोष्ट सोपी होती. कठीण भाग पुढेंच आहे. कुबड्या चबाचें काय झालें? थंड पाण्यांत त्याचीं अंडीं वाढेनात. लीज फेरीच्या खालीं साठ मैलांवर लिटल कोलोराडो नांवाची कोमट उपनदी मिळते, तेथें मुख्यतः त्याचा वंश टिकला. १९६७ सालीं तो नाहींसा होण्याच्या बेतांत असलेल्या प्राण्यांच्या यादींत गेला. वरून ट्राउट खालीं उतरले व चबाचीं पिलें खाऊं लागले. तेव्हां २००३ ते २००६ पर्यंत संगमाजवळ रात्रीं नावांतून पाण्यांत वीज सोडून मासे काढण्यांत आले व सुमारें १९,००० ट्राउट मारले. त्याच सुमारास, वर लीज फेरीकडे, हिवाळ्यांत मुद्दाम पाणी वरखालीं करून ट्राउटाचीं अंडीं कमी जगावीं अशी योजनाही करण्यांत आली. ज्या उतारास काल गळवाले आपत्ति म्हणत होते तोच आज औषध ठरला!

ह्यावर झूनी जमातीनें हरकत घेतली. ह्याच दरींतून आपले पूर्वज पृथ्वीवर आले, आणि पाण्यांतील जीव आपले नातलग आहेत, असें ते मानतात. तो संगम त्यांस पवित्र आहे. तेथें हजारों जीव मारून टाकणें हें आमच्यावर अरिष्ट आणणारें आहे, असा त्यांचा अर्थ होता, आणि २०१० सालीं त्यांच्या पंचांनीं तसा ठरावही केला. त्यांची समजूत ती आमची नव्हे. तरी त्यांचा प्रश्न आम्हांस टाळतां येत नाहीं. ट्राउट आपण होऊन आला नाहीं. त्यास आणिलें मनुष्यानें, त्याच्याजोगें पाणी केलें मनुष्यानें, त्याच्यावर खेळही मांडला मनुष्यानें. आणि अडचण झाली तेव्हां दंड मात्र ट्राउटानें भरावयाचा! शिवाय औषध लागू पडलें कीं नाहीं हेंही निश्चित कळलें नाहीं. चब वाढले खरे. पण त्याच वर्षांत अवर्षणानें जलाशय उतरून खालचें पाणी कोमट झालें होतें, आणि ट्राउट इतरत्रही कमी होत होते. म्हणून हा गुण वीज सोडण्याचा कीं कोमट पाण्याचा, हें कोणास सांगतां आलें नाहीं.

तर काय, चबास मरूं द्यावें? तसें आम्ही म्हणत नाहीं. जो आधींचा आहे व ज्यास दुसरें घर नाहीं त्याचा हक्क पहिला. ट्राउटाच्या जातीस इतर शेंकडों नद्या आहेत. परंतु हक्क दुसरा असणें म्हणजे हक्कच नसणें नव्हे. मुलें सांभाळतां येत नाहींत म्हणून घरीं आणिलेल्या पोरक्यास कोणी वाटेवर टाकीत नाहीं. मारण्यावांचून गत्यंतर नसेल तर तें शेवटीं करावें, थोडें करावें, आणि ज्यांच्या पवित्र भूमींत करावयाचें त्यांस आधीं विचारून करावें. झूनींस विचारण्याचें काम नंतर झालें, आणि पुढें मासे जिवंत धरून हालविण्याचा विचार पुढें आला, हें ठीक झालें. पण एकोणीस हजारांनंतर झालें.

२०२१ सालीं चबाची स्थिति कांहींशी सुधारल्यामुळें त्याचा दर्जा ‘नाश पावण्याच्या बेतांत’ ह्यावरून ‘धोक्यांत’ असा बदलला. पुढच्याच वर्षीं नवें संकट उभें राहिलें. जलाशय इतका उतरला कीं पृष्ठाजवळचें ऊबदार पाणी नळांच्या तोंडाशीं आलें, व त्याबरोबर जलाशयांतील बास नांवाचा खादाड मासा चक्रांतून खालीं उतरला. २०२२ च्या उन्हाळ्यांत धरणाखालीं त्याचीं पिलें सांपडलीं. बास चबास ट्राउटापेक्षांही अधिक घातक आहे, आणि त्यास ऊबदार पाणी मानवतें. म्हणून ज्या थंड पाण्यानें चबाचा वंश खुंटला होता तेंच आतां त्याच्या रक्षणासाठीं हवें झालें, आणि ऊबदार पाण्यानें कासावीस झालेल्या ट्राउटासही तेंच हवें होतें. चबाचे कैवारी व गळवाले प्रथमच एका बाजूस उभे राहिले. २०२४ सालीं जुलैपासून नोव्हेंबरपर्यंत चक्रें टाळून, त्याहून खोल असलेल्या दुसऱ्या नळांतून थंड पाणी सोडलें. त्या पाण्यानें वीज झाली नाहीं. तितकी दुसरीकडून विकत घ्यावी लागली. आणि ह्या धरणाच्या विजेच्या गिऱ्हाइकांत नावाहो लोकांची वीजसंस्थाही आहे, जिच्या मुलखांत आजही हजारों घरांपर्यंत विजेची तार पोंचलेली नाहीं.