मृताच्या रिपोर्टबद्दल विचारावे काय?



घरातले माणूस गेले, दफनविधी झाला, पाहुणे आपापल्या गावी परतले, की महिन्या-दीड महिन्याने कपाटातली प्लास्टिकची पिशवी बाहेर निघते. तिच्यात एक्स-रे असतात, औषधांच्या चिठ्ठ्या असतात, टाचणीने जोडलेले रिपोर्ट असतात. घरातला शिकलेला मुलगा किंवा सून ते वाचू लागते आणि कुठेतरी अडते. सकाळच्या रिपोर्टात एक आकडा, संध्याकाळच्या रिपोर्टात भलताच. किंवा डॉक्टरांनी तोंडी सांगितलेले मृत्यूचे कारण आणि कागदावरचे कारण जुळत नाही. मग घरात दोन तट पडतात. एक म्हणतो, दवाखान्यात जाऊन विचारू. दुसरा, बहुधा वयाने मोठा, म्हणतो, "जाऊ दे ना बापा, गेलेला माणूस वापस येते काय?"

या वाक्यापुढे आपल्या वऱ्हाडात सहसा कोणी बोलत नाही. वाक्य शहाणपणाचे वाटते, पण त्यात एक गोष्ट गृहीत धरलेली आहे: ज्या सत्याचा काही उपयोग नाही ते शोधू नये. हे आपण इतरत्र मानतो का? शेताच्या बांधावरून वाद झाला तर आजोबांच्या काळची मोजणी आपण तहसिलीतून काढून आणतो, जुना सातबारा धुंडाळतो. आजोबा वापस येतील म्हणून नव्हे. त्यांच्या नावावर जे होते ते नीट कळावे म्हणून. दोन गुंठ्यांसाठी जे चालते ते बापाच्या शेवटच्या आठ दिवसांसाठी का चालू नये, हे मला आजवर कोणी समजावून दिलेले नाही.

संत थॉमस अक्वायनस यांनी सत्यवचनाचा सद्‌गुण न्यायाच्या कुटुंबात बसवला आहे. माणसे एकमेकांवर विश्वास ठेवल्याशिवाय एकत्र राहू शकत नाहीत, म्हणून खरे बोलणे हे एका अर्थी दुसऱ्याचे देणे आहे, असा त्यांचा विचार. मृत माणसाचे हे देणे कोण वसूल करणार? तो स्वतः विचारू शकत नाही. रक्त त्याचे होते, नमुना त्याच्या शरीरातून घेतला होता, निदानावर नाव त्याचे होते. त्याच्या वतीने विचारणारा नातलग दवाखान्याकडे उपकार मागत नसतो.

पुण्याचे एक जुने प्रकरण यासाठी वाचण्यासारखे आहे. मे 1953 मध्ये रत्नागिरी जिल्ह्यातील पालशेतच्या समुद्रकिनारी एका वीस वर्षांच्या तरुणाच्या मांडीचे हाड मोडले. त्याला टॅक्सीने पुण्याला आणले, तिथल्या दवाखान्यात हाड बसवण्यात आले, आणि त्याच रात्री तो गेला. डॉक्टरांनी कारण लिहून दिले की हाडातील चरबी रक्तात जाऊन अडकली. वडील स्वतः डॉक्टर होते. त्यांना ते पटले नाही. त्यांचे म्हणणे होते की पुरेशी भूल न देता जोर लावून हाड बसवले आणि त्या धक्क्याने मुलगा गेला. प्रकरण खालच्या कोर्टातून उच्च न्यायालयात आणि तिथून सर्वोच्च न्यायालयात गेले. 'जोशी विरुद्ध गोडबोले' या नावाने कायद्याचे विद्यार्थी ते आजही शिकतात. निकाल मे 1968 मध्ये वडिलांच्या बाजूने लागला. दाखल्यावरचे कारण कोर्टांनी मानले नाही. नुकसानभरपाई किती? तीन हजार रुपये. पंधरा वर्षे कोणी तीन हजारांसाठी झगडत नाही. मुलाच्या मृत्यूचे कारण म्हणून एक वाक्य लिहून ठेवले होते आणि बापाला ते वाक्य खोटे वाटत होते, एवढाच त्याचा अर्थ मला लागतो.

अमरावती आणि अकोल्याच्या लोकांना तर हा प्रश्न परका नाही. कोविडच्या दुसऱ्या लाटेची चाहूल महाराष्ट्रात आधी आपल्याच भागात लागली. फेब्रुवारी 2021 मध्ये अमरावतीत पुन्हा टाळेबंदी आली तेव्हा बाकीचे राज्य अजून निर्धास्त होते. त्या महिन्यांत किती घरांनी आपल्या माणसाचे तोंड न पाहता त्याला निरोप दिला! कुणाचा रिपोर्ट मरणानंतर आला. कुणाचा निगेटिव्ह आला, पण छातीच्या स्कॅनवर दोन्ही फुप्फुसे भरलेली होती. कुणाच्या कागदावर कोविडचा शब्दच नव्हता. त्या वेळी विचारणाऱ्याला हटवादी म्हटले गेले. पण पुढे काय झाले? 30 जून 2021 रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की मृत्यूच्या कागदावरचे कारण दुरुस्त करून घेण्याची सोपी पद्धत असली पाहिजे. 3 सप्टेंबर 2021 च्या केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांत, तपासणीपासून 30 दिवसांच्या आत झालेला मृत्यू, घरी झाला असला तरी, कोविडचा धरावा असे ठरले, आणि तक्रारीसाठी जिल्हा पातळीवर समिती नेमायची झाली. मग 50 हजारांच्या मदतीचा आदेश आला. मदतीमुळे अर्ज वाढले हे खरे, आणि त्यात काही लोभाचेही असतील. तरी शासनाला आणि न्यायालयाला मान्य करावे लागले की कागद चुकू शकतो, आणि मेलेल्या माणसाचा कागदही सुधारता आला पाहिजे.

आता आपल्या श्रद्धेकडून येणारा आक्षेप. "देवाची इच्छा होती, फादर, आता खोदून काय काढायचे?" हे म्हणणाऱ्यांचा मी आदर करतो, त्या शब्दांवर अनेक विधवांनी दिवस काढले आहेत. पण योहानच्या शुभवर्तमानाचा अकरावा अध्याय पाहा. लाजरस आजारी असल्याचा निरोप मिळूनही प्रभू दोन दिवस तिथेच थांबला. तो पोचला तेव्हा लाजरसला कबरेत ठेवून चार दिवस झाले होते. मार्था गावाबाहेर जाऊन त्याला गाठते आणि तोंडावर सांगते की तो वेळेवर इथे असता तर भाऊ गेला नसता. थोड्या वेळाने मरियाही तेच सांगते. उशीर का झाला, हाच तो प्रश्न, जो आपण अतिदक्षता विभागाच्या दारात विचारू पाहतो आणि गिळतो. प्रभू दोघींपैकी एकीलाही अश्रद्ध म्हणत नाही. एकीशी तो बोलतो, दुसरीसोबत रडतो. देवाच्या पुत्राला जे विचारता येते ते एखाद्या पॅथॉलॉजी लॅबला विचारता येत नाही, असे कसे म्हणावे?

मात्र विचारणाऱ्यावरही बंधन आहे, आणि त्याबद्दल आपण फार कमी बोलतो. रिपोर्ट हा साक्षीदार असतो, न्यायाधीश नव्हे. साक्षीदारासारखाच तोही अर्धवट पाहतो. रक्त काढताना किंवा नेताना तांबड्या पेशी फुटल्या तर पोटॅशियमचा आकडा खोटाच वाढतो. सलाईन चालू असलेल्या हातातून रक्त घेतले तर आकडे बिघडतात. नमुना बराच वेळ तसाच पडून राहिला तर साखर कमी दिसते. म्हणून दोन रिपोर्टांत फरक दिसला की फसवणूकच झाली, असे नसते. रिपोर्ट वाचताना आकड्याआधी वेळा पाहाव्यात: नमुना कधी घेतला, लॅबमध्ये कधी पोचला, रिपोर्ट कधी निघाला. पुष्कळदा शंकेचे उत्तर तिथेच असते, आणि कधी कधी खरी शंकाही तिथेच सुरू होते. नाव आणि वयही पाहावे. आपल्याकडे एकेका वॉर्डात एकाच आडनावाचे तिघे असतात. गाठीचा तुकडा तपासला असेल तर काचेच्या स्लाइड आणि मेणाचे ब्लॉक मागता येतात. दुसऱ्या तज्ज्ञाला त्या पुन्हा पाहता येतात, माणूस गेल्यानंतरसुद्धा.

आणि उत्तर कोणतेही येऊ शकते, याची तयारी हवी. इथेच खरी कसोटी लागते. मेळघाटातून धारणीला, धारणीहून अमरावतीला इर्विनमध्ये आणि तिथून नागपूरला नेलेल्या रुग्णाच्या कागदांवर शेवटच्या डॉक्टरचे नाव असते, पण घरात गेलेले दहा दिवस कुठेच लिहिलेले नसतात. "अंगावर काढले" हा आपल्या भागातला मृत्यूच्या कारणांपैकी एक मोठा शब्द आहे, आणि तो कुठल्याही दाखल्यावर येत नाही. दवाखान्याला प्रश्न विचारायला निघालेल्या मुलाला कधी हेच उत्तर मिळते. ते ऐकून घेण्याची हिंमत नसेल तर तो सत्य शोधत नव्हता, आरोपी शोधत होता.

सत्य मागणे आणि शिक्षा मागणे या दोन वेगळ्या मागण्या आहेत. दोन्ही न्याय्य असू शकतात, पण पहिली पुरी झाल्याशिवाय दुसरीला आधार नसतो. 2005 मध्ये सर्वोच्च न्यायालयासमोर लुधियानाच्या एका ख्रिस्ती रुग्णालयातले प्रकरण आले. श्वास लागलेल्या रुग्णासाठी आणलेला ऑक्सिजनचा सिलिंडर रिकामा निघाला होता. न्यायालयाने डॉक्टरांवरचा फौजदारी खटला रद्द केला: फौजदारी गुन्ह्यासाठी घोर निष्काळजीपणा दिसला पाहिजे. रुग्णालयाची दिवाणी जबाबदारी असू शकते, हा दरवाजा मात्र न्यायालयाने बंद केला नाही. ख्रिस्ती रुग्णालय म्हणून कोणी प्रश्नातून सुटत नाही, आणि सुटूही नये, हे मी मुद्दाम लिहितो.

दवाखान्याच्या काचा फोडणाऱ्याला या दोन्ही मागण्यांशी देणेघेणे नसते. महाराष्ट्रात 2010 च्या कायद्याने अशा हिंसेला तीन वर्षांपर्यंत कैद आहे, आणि ती योग्यच आहे. रात्रपाळीतल्या तरुण निवासी डॉक्टरला मारून कोणाचा बाप न्याय पावतो? पण दगड कुठून येतो तेही पाहावे. खिडकीवरचा माणूस "साहेब नाहीत" म्हणतो, दुसऱ्या दिवशी "फाइल मिळत नाही" म्हणतो, तिसऱ्या दिवशी "वकील आणला का?" विचारतो. प्रश्नालाच आरोप मानले की प्रश्न विचारणारा हळूहळू आरोपच करू लागतो.

खरे तर नियम स्पष्ट आहेत. मुंबई उच्च न्यायालयाने 1996 मध्येच सांगितले की रुग्णाने किंवा जवळच्या नातलगाने मागितल्यास केस पेपरच्या प्रती द्याव्यात. गुप्ततेची सबब चालणार नाही, प्रतींचा खर्च घेता येईल. वैद्यक परिषदेच्या 2002 च्या नियमांप्रमाणे कागद मागितल्यावर 72 तासांत द्यायचे असतात, आणि भरती रुग्णाचे कागद उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षे जपायचे असतात. म्हणजे चौथ्या वर्षी गेलात तर ते नाहीत असे उत्तर प्रामाणिकही असू शकते. ग्राहक आयोगाकडे जायचे तर मुदत दोन वर्षांची. 2023 च्या दुरुस्तीनंतर मृत्यूच्या कारणाच्या वैद्यकीय प्रमाणपत्राची प्रत जवळच्या नातलगालाही द्यावी लागते. अर्ज लेखी द्यावा, काय हवे ते नावानिशी लिहावे, पोच घ्यावी. आवाज चढवावा लागत नाही.

एक अवघड गोष्ट उरते. मृताचे गुपित. नवऱ्याने एखादी तपासणी बायकोपासून लपवली असेल, तरुण मुलाच्या रिपोर्टात असे काही असेल जे त्याने आईला कधी सांगितले नसते, तर? माणूस मेला म्हणून त्याची अब्रू संपत नाही. सत्यवचनाचा सद्‌गुण सर्व काही सर्वांना सांगायला लावत नाही. मला वाटते, विचारण्याचा हक्क नात्याच्या जवळिकीने ठरतो आणि मिळालेल्या उत्तराच्या वापराने टिकतो. पत्नीने विचारावे, मुलाने विचारावे. तेरवीच्या पंगतीत रिपोर्ट हातोहात फिरवणाऱ्या चुलतभावाचा यात काही हक्क मला दिसत नाही. मोबाइलवर फोटो काढून गटात टाकणाऱ्याचा तर मुळीच नाही.

आणि काही प्रश्नांना उत्तर मिळतच नाही, कारण ते शरीरासोबत मातीत गेलेले असते. पीएम म्हटले की आपल्याकडे "चिरफाड नको" असे उत्तर तयार असते. पुष्कळांना वाटते की चर्चला ते मान्य नाही. तसे नाही; कायदेशीर चौकशीसाठी किंवा वैद्यकीय अभ्यासासाठी शवविच्छेदन नैतिकदृष्ट्या मान्य होऊ शकते, असे चर्चच्या धर्मशिक्षणात स्पष्ट आहे, आणि पुनरुत्थानाला त्याची अडचण नाही. पोलिसांचे प्रकरण नसेल तर ते घरच्यांच्या संमतीवर असते, आणि ती संमती द्यायला किंवा नाकारायला हातात जेमतेम तासभर असतो. त्या घाईत दारात ॲम्ब्युलन्स उभी असते, भाऊबंद परस्पर नको म्हणून मोकळे होतात. मृताच्या पत्नीला किंवा आईला कोणी विचारत नाही, आणि पुढची कित्येक वर्षे "त्यांना नेमके झाले काय होते?" असे विचारत राहणारी बहुधा तीच असते.