सहाशे एक्केचाळीस

फ्रान्समधल्या तुलूझ गावी फर्मा नावाचा एक कायदेपंडित राहत असे. दिवसभर कोर्टाचं काम, उरलेल्या वेळात गणित.

एकदा त्याने एक खेळ मांडला. २ घ्यायचा, त्याचा वर्ग करायचा, आलेल्या उत्तराचा पुन्हा वर्ग. असं करत २, ४, १६, २५६, ६५,५३६ मिळाले. प्रत्येकात १ मिळवला, तर ३, ५, १७, २५७, ६५,५३७. पाचही अविभाज्य! फर्मा हरखला. पुढची संख्या होती ४,२९,४९,६७,२९७. तीही अविभाज्य असणार, आणि तिच्या पुढच्या सगळ्याच, असं त्याच्या मनाने घेतलं. १६४० मध्ये त्याने एका गणिती स्नेह्याला तसं कळवलं. सिद्धता हाती लागलेली नाही, हेही त्याने मोकळेपणाने लिहिलं.

फर्माच्या शब्दाला वजन होतं. १६६५ मध्ये तो वारला. वर्षांमागून वर्षं गेली.

१७२९ मध्ये गोल्डबाख नावाच्या गृहस्थाने सेंट पीटर्सबर्गच्या एका तरुण गणितज्ञाला पत्र धाडलं. फर्माचं हे म्हणणं तुम्हांला ठाऊक आहे का, असं त्यात विचारलं होतं. तरुणाचं नाव ऑयलर, वय बावीस. त्याने आधी फारसं मनावर घेतलं नाही. गोल्डबाखने विषय सोडला नाही. मग ऑयलर कामाला लागला.

४,२९,४९,६७,२९७ या संख्येचा कोणताही अविभाज्य विभाजक ६४ ने भागला, तर बाकी १ च उरते. ऑयलरने पुढे हे सिद्धही केलं. असे उमेदवार थोडेच. १९३ ने भागून पाहावं, तर बाकी १०९. २५७ ने, बाकी २. ४४९ ने, ३२५. ५७७ ने, २८८. पाचवा उमेदवार ६४१. इथे भागाकार उतरत उतरत शेवटच्या ओळीला आला आणि खाली काहीच उरलं नाही. ६४१ गुणिले ६७,००,४१७. १७३२ मध्ये ऑयलरने हे मांडलं. फर्माच्या पत्राला तेव्हा ब्याण्णव वर्षं झाली होती. ही युक्ती ठाऊक नसती आणि २, ३, ५ पासून एकेक अविभाज्य संख्या घेऊन भागत गेलं असतं, तरी एकशे सोळाव्या भागाकाराला उत्तर मिळालं असतं.

थोरांवर श्रद्धा जरूर असावी. पण त्यांनी मांडलेला हिशेब आपल्या हाताने पुन्हा करून पाहावा, त्यात त्यांचा अपमान नाही. फर्माचा अंदाज मोडणारा ऑयलरच पुढे वर्षानुवर्षं फर्माची विधानं घेऊन बसला आणि एकेक सिद्ध करत गेला. त्यांतलं एक असं: ज्या अविभाज्य संख्येला ४ ने भागल्यावर १ उरतो, ती दोन वर्गांची बेरीज असते. १३ म्हणजे ४ आणि ९. २९ म्हणजे ४ आणि २५. हे मात्र फर्माने अगदी बरोबर सांगितलं होतं, आणि ६४१ लाही ते लागू पडतं: ६२५ आणि १६, म्हणजे पंचवीसचा वर्ग आणि चारचा वर्ग.