आजी, अर्ज केला का?



प्रेषितांच्या कृत्यांचा सहावा अध्याय आपण पुष्कळदा वाचला आहे. यरुशलेमेतील मंडळीत रोज वाटप होत असे. पण ग्रीक बोलणाऱ्या विधवांपर्यंत ते पोहोचत नव्हते.

बेळगावकडील मराठी मंडळ्यांना हा अध्याय अगदी घरचा वाटावा. दारिद्र्यरेषेखालील वृद्धांसाठी केंद्र सरकारची निवृत्तिवेतन योजना आहे. तिची वयाची अट २०११ साली ६५ वरून ६० वर आली. केंद्राचा वाटा ७९ वर्षांपर्यंत महिना २०० रुपये, पुढे ५०० रुपये. राज्य त्यात भर घालते. पण नाडकचेरीतला कागद कानडीत, आणि आपल्या आजीला वाचता येते ते फक्त मराठी शुभवर्तमान.

आम्ही आमचा दोष कबूल करतो. मंडळीतील एका विधवा आजीसाठी आम्ही दर बुधवारी प्रार्थना केली. त्यांच्या घरी तेलमिठाची ओढ आहे, हे सर्वांस ठाऊक होते. “आजी, अर्ज केला का?” असे मात्र दोन वर्षे कोणी विचारले नाही. विचारले तेव्हा त्या म्हणाल्या, “कुणाला सांगू बाबा? लाज वाटते.” उपाशी माणसाला नुसता आशीर्वाद देऊन वाटेस लावणाऱ्यांविषयी याकोबाने लिहिले, ते आम्हांलाच लागू पडले.

प्रेषितांनी प्रार्थना सोडली नाही. पण सात माणसेही नेमली, आत्म्याने व ज्ञानाने पूर्ण अशी. वाटपाच्या कामालाही आत्मा लागतो! शिवाय त्या सातांची नावे ग्रीक आहेत, हे ध्यानात घ्यावे.

आपणही प्रत्येक मंडळीत कानडी व मराठी जाणणारी दोन माणसे नेमू या. वयाचा दाखला, आधार, रेशनकार्ड, पासबुक, विधवा-वेतनासाठी पतीच्या मृत्यूचा दाखला, हे सारे एका पिशवीत ठेवावे. अर्जाची पोच मागून घ्यावी. पैसे सुरू होईपर्यंत सोबत जावे. पासबुक मात्र आपल्याकडे ठेवू नये, आणि आजींची अडचण चारचौघांत बोलू नये. शेजारची आजी आपल्या मंडळीची नसली, तरी तिचाही कागद भरावा. दयाळू शोमरोन्याने जखमी माणसाची जात विचारली नव्हती.

शब्बाथशाळेच्या शिक्षकांनो, आपली मोठी मुले शाळेत कानडी शिकतात. त्यांना ही सेवा शिकवा.

हे दान नव्हे, आजींचा हक्क आहे. सातांच्या नेमणुकीनंतर देवाच्या वचनाचा प्रसार होत गेला, असे तोच अध्याय सांगतो. येत्या रविवारी उपासनेनंतर दारातच हा प्रश्न विचारू या. प्रभू आपणांस तशी नम्रता देवो. आमेन.