रेषा, मुद्रा आणि निवड

व्यक्तिचित्र केवळ सादृश्याने सिद्ध होत नाही, हे कलाविचारात नवे नाही. परंतु चित्रविषय झालेल्या व्यक्तीच्या जीवनाचा शेवट चित्रकाराला आधीच ठाऊक असेल, तर त्या ज्ञानाचे चित्रात काय करावे, हा प्रश्न कलेपुरता राहत नाही. तो नीतीचाही होतो.

कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला यांचे उदाहरण घ्यावे. त्यांच्या अधिपत्याखालील ‘खुकरी’ ही युद्धनौका 8 डिसेंबर 1971 रोजी मुंबईहून निघाली आणि 9 डिसेंबरच्या रात्री दीवनजीकच्या समुद्रात ‘हंगोर’ या पाकिस्तानी पाणबुडीच्या टॉर्पेडोने बुडाली. 18 अधिकारी व 176 नौसैनिक मृत्यू पावले. वाचलेल्यांच्या कथनानुसार मुल्ला इतरांना बाहेर काढत राहिले. त्यांनी स्वतः नौका सोडली नाही. त्यांना मरणोत्तर महावीर चक्र देण्यात आले.

समुद्रापासून दूर, गोदाकाठच्या शहागडात एखादा विद्यार्थी छायाचित्रावरून त्यांचे पेन्सिलचित्र काढतो आहे, अशी कल्पना करावी. शालेय रेखाकला परीक्षांनी त्याला वस्तुचित्र आणि स्मरणचित्र हे प्रकार शिकवलेले असतात. हे चित्र त्यांपैकी कशातच बसत नाही. माणूस समोर नाही, स्मरणातही नाही. आहे ती ऐकलेली कथा. टोपीची कड, खांद्यावरच्या फिती यांचे आकार ठरलेले असतात. चेहऱ्याला तसा संकेत नसतो, म्हणून तेथे कथाच हात चालवू लागते. डोळ्यांखालची छाया गडद होते, ओठ घट्ट मिटतात. छायाचित्रातल्या माणसाला ठाऊक नसलेले मरण त्याच्या मुद्रेवर उमटते.

यात श्रद्धा आहे, न्याय नाही. हौतात्म्य मुद्रेवर आधीपासूनच कोरलेले होते असे दाखवले, की त्या रात्रीची निवड ही निवड उरत नाही. ती नियती ठरते. कृतीचे नैतिक मोल मात्र वेगळे घडू शकले असते, यातच असते. शिवाय शौर्य चेहऱ्यावरून ओळखता येते असे मानले, तर ज्यांचे चेहरे कोणीच रेखाटले नाहीत त्या नौसैनिकांना त्यात वाटा उरत नाही.

म्हणून अशा चित्रात संयम हाच आदर होय. पेन्सिलीची रेषा मागे घेता येते. अधिकची छाया खोडली, तर समोर उरतो तो अजून काहीच न ठरलेला, कामावर असलेला एक अधिकारी. पुढची निवड त्याची स्वतःची होती, हे त्या चेहऱ्याच्या साधेपणातूनच समजते.